दीड सेकंदाची नणंद

आमच्या गल्लीत चष्म्याचं एक दुकान आहे आणि त्याच्या डोक्यावर व्हिडिओ जोडून देणारं दुसरं. खाली नवरा, वर बायको. नवरा दिवसभर फ्रेम विकतो, बायको दिवसभर फ्रेम मोजते. त्याची फ्रेम लोकांच्या नाकावर बसते, हिच्या एका सेकंदात पंचवीस पळतात. तेव्हा तिला ‘फ्रेमवहिनी’ हे नाव कोणी ठेवलं याची चौकशी करण्यात अर्थ नाही. मीच ठेवलं असं काही लोक म्हणतात. म्हणू देत.

लग्नाआधी ती एका फोटो स्टुडिओत टेबलाशी बसायची. ओळखपत्राच्या फोटोंवरचे मुरूम पेन्सिलनं पुसायचं काम. गावातल्या निम्म्या मुरुमांशी तिची घसट होती. आजही कोणी मोठा माणूस छाती काढून गल्लीतून गेला की ती हळूच सांगते, "याच्या हनुवटीवर तीन होते. दोन मी काढले, तिसरा दाढीनं झाकला." मग कॅसेटी आल्या, मग कॉम्प्युटर आला, आणि पेन्सिल ठेवून तिनं माउस धरला. आता वाढदिवस, लग्नं, शाळेची संमेलनं, कारखान्यांचे समारंभ, जे कोणी मोबाइलवर वेडंवाकडं टिपून आणतील ते सगळं ती जोडते, कापते, वर गाणं चढवते आणि खाली नावं टाकते.

या धंद्यानं माणसाला एक खोड लागते. मी तिच्यापुढं एखादी जुनी गोष्ट रंगवून सांगायला लागलो की तिच्या उजव्या हाताचं बोट टेबलावर टकटक करतं. पहिली काही वर्षं मला वाटायचं, बाई तल्लीन झाली. नंतर कळलं की कीबोर्डवर कापायचं बटण जिथं असतं तिथं ते बोट पडतं. माझ्या गोष्टीचे तिनं आजवर किती तुकडे केले असतील देव जाणे.

तिची खोली पाहण्यासारखी आहे, तिच्याच मागं यांचं घर. बाहेरून चढायचा लोखंडी जिना, त्याची तिसरी पायरी हलते. खिडकीला काळं कापड, दोन पडदे कॉम्प्युटरचे, एक फिरती खुर्ची जिचा डावा हात गेलाय, आणि आल्यागेल्यासाठी लाकडी स्टूल. स्टूल मुद्दाम टणक ठेवलंय, असा माझा संशय आहे. माणूस फार वेळ टिकू नये. मी टिकतो.

आता नणंदेकडं वळू, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट जागची हलणार नाही.

चष्मेवाल्याची थोरली बहीण एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. एकतीस वर्षं. शिकणारा चाकाशी, ही शेजारी, आणि हिच्या पायाखाली जादा ब्रेक. गावात जो कोणी नीट गाडी चालवतो तो हिच्या हाताखालून गेलेला, आणि जो नीट चालवत नाही तो हिच्या शिव्या विसरलेला. पोरंटोरं सोडा, थोरामोठ्यांतही ती ‘ब्रेकबाई’ म्हणूनच ओळखली जाते. बोलणं सगळं आज्ञेत. "आरशात बघ." "मागे घे." "घाई कुणाला आहे, तुला की गाडीला?" घरातही तसंच. मी तिच्याकडं गाडी शिकलो नाही, म्हणून आमचे संबंध चांगले राहिले.

या दोघींचं बिनसलं त्याला चार वर्षं झाली. आणि बिनसलं कशावरून, तर दीड सेकंदावरून.

सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. फ्रेमवहिनीनं त्या दिवसाची छान फिल्म केली आणि महिन्याभरानं सगळ्या नातेवाइकांना बोलावून भिंतीवर पांढरी चादर ताणून दाखवली. चाळीस माणसं, मीही होतो. फिल्ममध्ये माणूस दिसला की खाली एक निळी पट्टी उजवीकडून सरकत यायची, तिच्यावर नाव आणि नातं, जरा वेळ थांबायची, आणि डावीकडं निघून जायची. ही पट्टी दर वेळी नव्यानं बनवावी लागत नाही. तिचा तयार साचा मिळतो, त्याला टेम्प्लेट म्हणतात. नाव भरायचं आणि क्लिपवर ठेवून द्यायचं. साचा पाच सेकंदांचा. एक सेकंद यायला, तीन बसायला, एक जायला.

सून आली पडद्यावर. पट्टी आली, ऐसपैस बसली, सावकाश गेली. जावई आले, त्यांचंही तसंच. शेजारचे म्हणून माझं नाव आलं, तेही पोटभर बसलं. मग आली नणंद. ती चौकटीत शिरेपर्यंत सेकंद गेला, मग पट्टी उजवीकडून निघाली, नावाची पहिली दोन अक्षरं दिसली, ‘कन्या’मधला ‘क’ दिसला, आणि धाड, केक.

कोणीतरी अंधारात म्हणालं, "आली आणि गेली." चाळीस माणसं हसली. मी हसलो नाही असं मी सांगत असतो.

दिवे लागल्यावर ब्रेकबाई उभी राहिली. "पोटची मुलगी दीड सेकंद, आणि सून पाच," ती म्हणाली. "छान मोजमाप आहे."

"वन्सं, अहो, ते साच्यामुळं झालं," फ्रेमवहिनी घाईघाईनं सांगायला लागली. "तुमची क्लिप छोटी होती, साचा मोठा. क्लिप संपली तिथं पट्टी तुटली."

"साचा तुझा, कात्री तुझी. नाचता येईना अंगण वाकडं."

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. म्हणजे अगदी बंद नाही. बोलणं चष्मेवाल्यामार्फत चालायचं. पुढं सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा ब्रेकबाई रोज यायची. तिघंही एकाच खोलीत. ब्रेकबाई भावाला म्हणायची, "तिला विचार, दुपारची गोळी दिली का." वहिनी नवऱ्याला म्हणायची, "त्यांना सांगा, दोन वाजता दिली." आणि हा गरीब माणूस मधे उभा राहून एकदा इकडं एकदा तिकडं बघायचा. काही सांगायचाही नाही, कारण दोघींनाही ऐकू आलेलं असायचं. त्यानं फक्त मधे उभं राहायचं. सासूबाई गेल्या, आणि ब्रेकबाईनं तो जिना चढायचं सोडलं. त्याला दोन वर्षं झाली. भावाला भेटायचं तर खाली दुकानात, काउंटरच्या अलीकडं उभी राहून, गिऱ्हाइकासारखी.

वहिनीला हे लागत नव्हतं असं नाही. सासू गेल्यावर घरात तिच्याशी भांडायला कोणी उरलं नव्हतं. नवरा तर भांडणाच्या कामाचाच नाही. एकदा सहज म्हणाली, "आजोबा, पडदे सुद्धा कुणी नावं ठेवायला नसलं की धुवावेसे वाटत नाहीत." मी ते तेव्हा तसंच सोडून दिलं.

यंदा ब्रेकबाई नोकरीतून मोकळी व्हायची होती. ट्रेनिंग स्कूलचे मालक जवळचं दिसेना म्हणून चष्मा करायला आले, वरची पाटी पाहिली, आणि जिना चढून वहिनीला काम देऊन मोकळे झाले. बाईंच्या निरोपाला एक फिल्म. अडतीस जुने विद्यार्थी दोन दोन वाक्यं बोललेत, सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर टिपून पाठवलंय, ते जोडायचं, खाली नावं. मालकांना घरातल्या भानगडीचा पत्ता नव्हता. वहिनीनं सांगितला नाही. मोबाइलमधून क्लिप उतरवून घेतल्या आणि "होईल" म्हणाली.

खाली हे कळल्यावर चष्मेवाल्याच्या हातातली काच निसटता निसटता राहिली. "तुला दुसरं काम नाही का?" तो मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. "पुन्हा नावं, पुन्हा पट्ट्या, आणि पुन्हा ताईच समोर."

"म्हणूनच घेतलं," वहिनी म्हणाली. "अडतीसच्या अडतीस नावं जागेवर बसली आणि त्यांचं स्वतःचं बसलं, तर त्या जिना चढतील. नाहीतर आता कधीच नाही."

आणि कामाला बसली.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की जुनं दुखणं अडतीस पट झालंय. कोणी तीन सेकंद बोललेला, कोणी अकरा. अँब्युलन्स चालवणारा माणूस म्हणाला, "बाईंनी शिकवलं, म्हणून पोचतो," आणि संपला. त्याच्यावर पाच सेकंदांचा साचा ठेवला की शेपूट तुटायचं. उलट एक न्यायाधीश होते, तीनदा नापास होऊन चौथ्यांदा लायसन मिळालेले. ते अकरा सेकंद बोलले, कारण बोलताना त्यांना अडवायची कुणाला सवय नव्हती. त्यांच्यावर साचा ताणला की सगळंच ताणलं जायचं. नाव गोगलगायीसारखं सरकत यायचं. साहेबांचं पहिलं वाक्य व्हायचं तरी आडनाव अजून वाटेतच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

यावर उपाय आहे, आणि तो वहिनीला ठाऊक होता. साच्याचा पहिला सेकंद आणि शेवटचा सेकंद राखून ठेवायचा, त्यांना हात लावायचा नाही. ताणायचं किंवा आवळायचं ते फक्त मधलं. पाहुणा झटकन यावा, झटकन उठावा, बसावं किती ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी स्टुलावर हललो. पण ही राखण साचा बनवणाऱ्यालाच करून द्यावी लागते, आणि तिचे साचे बनवायचे पाटीवाले काका.

काका म्हणजे एक वेगळंच प्रकरण. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या ब्रशनं रंगवल्या. छापील पाट्या आल्यावर बाकीचे रंगारी हात चोळत बसले. हा माणूस पंचावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकला आणि हलत्या अक्षरांत शिरला. अक्षर असं काढतो की पुसावंसं वाटू नये. पण स्वभाव पाटीचा. जे लिहिलंय तेच, आणि तेवढंच.

वहिनीनं त्यांना साचा पाठवला आणि आत तीन तुकड्यांवर तीन खुणा करून दिल्या. पहिल्यावर लिहिलं ‘आलो’. मधल्यावर ‘बसलो’. शेवटच्यावर ‘येतो’. दोन दिवसांनी काकांनी साचा दुरुस्त करून पाठवला, सोबत निरोप, ‘सांगितल्याप्रमाणे केलं आहे.’

वहिनीनं तो अडतीस जणांवर चढवला आणि चालवून पाहिला.

न्यायाधीश पडद्यावर आले तेव्हा नाव आधीच ऐटीत बसलेलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि नाव सुळकन पळालं. नऊ सेकंद ते निनावी बोलले. बोलून तोंड मिटलं, आणि नाव धापा टाकत हजर. अँब्युलन्सवाल्याचं तसंच, शाळेच्या बसवाल्याचं तसंच, दातांच्या डॉक्टरीणबाईंचं तसंच. जणू काही नावं बोलायच्या भीतीनं पळतायत आणि माणूस गप्प झाला की परत येतायत. मला ते फार आवडलं. मी म्हटलं, असंच ठेवा, गावातल्या निम्म्या लोकांना हेच योग्य आहे. वहिनी हसली नाही.

दोष काकांचा असेल असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. साच्यावर खापर फोडल्याबद्दल एकदा ऐकून घेतलेलं होतं ना. तिनं स्वतःच्या घरात शोध सुरू केला. मोबाइलच्या क्लिप सेकंदाला तीस फ्रेमच्या, हिची मांडणी पंचवीसची. त्यामुळं वेळ घसरत असेल म्हणून अडतीसच्या अडतीस क्लिप पंचवीसवर आणल्या. फरक शून्य. मशीननं जुनी चित्रं साठवून ठेवलेली असतात, ती पुसली. फरक शून्य. मग जगात सगळीकडं करतात तो उपाय केला, बंद करून पुन्हा चालू केलं. नाव पळतच होतं. खालून नवरा ओरडला, "डोळे तपासून घे, फुकट करतो." तिनं काळ्या कापडाची खिडकी उघडून त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो आत गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं काकांना फोन लावला. हात कामात म्हणून आवाज मोठा केलेला. मी ऐकत नव्हतो. ऐकू येत होतं.

"काका, साचा उलटा चालतोय."

"उलटा कसा चालेल? तीनदा बघून पाठवलाय."

"माणूस बोलायला लागला की नाव जातंय, आणि संपला की येतंय."

"मग तुम्हीच तसं लिहिलंय."

"मी काय लिहिलंय?"

"शेवटच्या तुकड्यावर लिहिलंय ‘येतो’. येतो म्हणजे काय? येतो. म्हणून तिथं आणला."

"अहो काका, येतो म्हणजे जातो."

पलीकडं खुर्ची करकरली. मग काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. आत म्हणजे आत आणि बाहेर म्हणजे बाहेर. येतो म्हणजे जातो अशी पाटी मला कोणी सांगितली नाही."

"तुम्ही कुणाकडून निघताना काय म्हणता?"

"येतो म्हणतो."

"आणि करता काय?"

"जातो," काका म्हणाले. आवाज जरा पडला होता. पण माणूस हार मानणारा नव्हे. "बरं, मग पहिल्या तुकड्यावर ‘आलो’ का लिहिलंत?"

"आलो म्हणजे आलो. पट्टी आली."

"आमचा जावई ‘आलोच’ म्हणून बाहेर पडतो, तो चार तासांनी उगवतो. मी म्हटलं, हा जायचा तुकडा."

"मी ‘आलोच’ नाही लिहिलं, ‘आलो’ लिहिलंय."

"मला वाटलं ‘च’ राहिला, म्हणून मधल्या तुकड्यात नाव बाहेर बसवलं. तुम्ही घाईत असता."

वहिनीनं कपाळाला हात लावला. "‘जातो’ असं सरळ लिहायला हवं होतं मी."

"मग का नाही लिहिलंत?"

"जातो कसं लिहू? जातो म्हणतं का कुणी?"

"तेच तर," काका म्हणाले. "तुम्ही असं करा, एक, दोन, तीन लिहा. निघताना कोणी आकडे सांगत नाही."

अशा रीतीनं दोन भल्या माणसांनी रीतीला धरून केलेला घोळ निस्तरला. दुसऱ्या दिवशी साचा सुलटा होऊन आला. अँब्युलन्सवाल्याचं नाव तीन सेकंदांत आलं, बसलं, गेलं. न्यायाधीशांचं आलं, नऊ सेकंद बसलं आणि वेळेवर उठलं. वहिनीनं एकेक क्लिप पुढं मागं करून तपासली. शेवटची क्लिप ब्रेकबाईची. मालकांनी गुपचूप टिपलेली, गाडीत शेजारच्या सीटवर बसून समोर बघणारी, तोंडातून शब्द नाही. चौदा सेकंद. ती तिनं किती वेळा पाहिली ते मी मोजलं नाही.

रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. ब्रेकबाई पहिल्या रांगेत, शेजारी भाऊ, वहिनी मागं मशीनपाशी. फिल्म सुरू झाली. नावं येत होती, बसत होती, जात होती. एकही चुकलं नाही. लोक हसले, एका ट्रकवाल्यानं चक्क डोळे पुसले. न्यायाधीशांच्या नापासाला टाळ्या पडल्या. शेवटी ब्रेकबाईचे चौदा सेकंद आले, खाली तिचं नाव, ठसठशीत, बाराच्या बारा सेकंद ठाण मांडून.

ब्रेकबाईचा चेहरा मी बाजूनं पाहत होतो. परीक्षेचा शिकाऊ चढावर गाडी उभी करतो तेव्हा ती जशी बसत असेल तशी बसली होती. फिल्म संपल्यावर उठून तिनं माइकवर दोन वाक्यं सांगितली, त्यातलं एक हेडलाइटबद्दल होतं. मग गुच्छ घेतला आणि बाजूच्या दारानं निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही.

वायरी गुंडाळताना वहिनीचे हात मंद झाले होते. नवरा म्हणाला, "काही बोलली नाही म्हणजे आवडलं असेल."

"चार वर्षं काही बोललेल्या नाहीत," वहिनी म्हणाली. "सगळंच आवडत असेल."

सोमवारी दुपारी मी वर बसलो होतो. काम काही नव्हतं. या वयात काम नसताना जायच्या जागा थोड्याच उरतात. जिना वाजला. तिसरी पायरी हलली आणि चढणारा माणूस तिच्यावर थांबून म्हणाला, "ही अजून तशीच आहे." वहिनीचं बोट कीबोर्डवर जागच्या जागी राहिलं.

ब्रेकबाई दारात आली. दोन वर्षांनी. सगळीकडं नजर फिरवली, आणि मग माझ्या ध्यानात आलं की ती भावाला शोधतेय. तो खाली गिऱ्हाइकाचा नंबर काढत होता. मधे उभं राहायला कोणीच नव्हतं. तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"आजोबा, हिला सांगा," ती म्हणाली, "नावं बरी बसली."

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "आजोबा, त्यांना सांगा, साचा नीट करून घेतला की बसतात."

"हिला सांगा, न्यायाधीशाला नऊ सेकंद फार झाले. त्याला रिव्हर्स अजून येत नाही."

"त्यांना सांगा, जो जेवढं बोलला तेवढं नाव."

वहिनीनं उठून खुर्ची सोडली, आणि ब्रेकबाई हात नसलेल्या बाजूनं तिच्यावर बसली. "मग हिला विचारा," ती म्हणाली, आणि आवाज जरा खाली आला, "एवढं सगळं येतं तर आईच्या वेळी का नाही आलं."

मी वहिनीकडं पाहिलं. आता तिला सोपं होतं. साच्याचं खापर तयार होतं, काकांची साक्ष होती, मीही साक्षीदार. पण तिनं कपाटातून एक जुनी डिस्क काढली आणि मशीनला जोडली.

"वन्सं," ती म्हणाली. माझी नोकरी तिथंच संपली. "साच्याचा दोष अर्धा. तुमची क्लिप मुळात दीड सेकंदाची नव्हती. सात सेकंदांची होती. ती मी कापली."

"का?"

"बघा."

पडद्यावर चार वर्षांपूर्वीची दुपार उघडली. सासूबाई खुर्चीत, मागं खिडकी. ब्रेकबाई चौकटीत येते, कॅमेऱ्याकडं बघते. इथवर दीड सेकंद, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. पुढचं नाही. पुढं ती कॅमेऱ्याला हात करून म्हणते, "माझं काय काढतोस? आधी बायकोला सांग, पडदे धुवायला. मागं तेच दिसतायत." आणि सासूबाई तोंड वर करून हसतात, अगदी मनापासून, आणि म्हणतात, "मीच नको म्हटलं गं, धुतले की आटतात."

क्लिप थांबली.

"मी असं बोलले होते?" ब्रेकबाई म्हणाली.

"बोलला होतात."

"पडदे मळके होते पण."

"होते. म्हणून काय चाळीस माणसांपुढं भिंतीवर लावू?"

ब्रेकबाईनं त्यावर विचार केला. तिच्या तोंडून ‘चुकलं’ निघेल अशी मला आशा होती. माझी उमेद फार मोठी असते. ती म्हणाली, "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मोजमाप काढलंत, मी साचा पुढं केला. मग साचाच धरून बसले. चार वर्षं तेच सांगतेय. मलाही खरं वाटायला लागलं होतं."

"हं." ब्रेकबाई पडद्याकडं बघत राहिली. "आता तरी नाव नीट बसव त्यात."

"दीड सेकंदात बसत नाही. यायला एक, जायला एक, मधे निदान एखादा हवा."

"मग लांब कर."

"लांब केलं की पडदे येतात."

"आवाज बंद कर मग."

"आवाज बंद केला की आईंचं हसणं जातं."

हे मात्र ब्रेकबाईच्या हिशोबात नव्हतं. एक गोष्ट राखायची तर दुसरी सोसायची, आणि जादा ब्रेक कुठंही नाही. तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाली, "पुन्हा लाव."

वहिनीनं पुन्हा लावलं. सासूबाई हसल्या. "पुन्हा." पुन्हा हसल्या. चौथ्या वेळी मी खिडकीच्या काळ्या कापडाकडं बघत राहिलो, कारण तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं.

"राहू दे सगळं," ब्रेकबाई म्हणाली. "पडदे, मी, सगळं. लोक म्हणतील काय म्हणायचं ते."

"माझ्या पडद्यांबद्दल म्हणतील."

"माझ्या जिभेबद्दल म्हणतील. तू लाव."

वहिनीनं क्लिप ओढून लांब केली, वर नवा साचा ठेवला आणि नाव भरलं. पट्टी आली, बसली. पडद्यांवर बसून राहिली, सासूबाईंच्या हसण्यावर बसून राहिली, आणि गेली.

"लवकर गेली," ब्रेकबाई म्हणाली. "आई अजून हसतेय."

"आई हसून झाल्या, वन्सं. ते तोंड मिटताना आहे."

"तोंड मिटताना पण हसतेच ती. मागे घे."

"सहा सेकंद बारा फ्रेम. इथं संपलं हसणं."

"इथं कुठं? डोळे बघ तिचे. पुढं घे. हळू. घाई कुणाला आहे?"

"मी चार वर्षं हे बघतेय, मला नका शिकवू."

"मी पंचावन्न वर्षं बघितलंय तिला."

मी उठलो. मधे कुणाची गरज उरली नव्हती, आणि स्टूल खरंच टणक आहे. खाली चष्मेवाला काउंटरवर एक भिंग कापडानं पुसत होता. पुसून झालं होतं तरी पुसत होता. वर मान न करता त्यानं विचारलं, "काय चाललंय?"

"भांडतायत."

"कुणामार्फत?"

"थेट."

त्यानं भिंग उजेडात धरून पाहिलं. मी काउंटरवर वाकलो. "कॅमेरा तुझ्याच हातात होता ना रे त्या दिवशी? पडद्याचं बोलणं तू ऐकलं होतंस."

"ऐकलं होतं," तो म्हणाला.

"मग चार वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"मला कोणी विचारलं नाही, आजोबा. मला फक्त सांगत होत्या."

वरून ब्रेकबाईचा आवाज आला, "अरे, आईच्या खिडकीवरचे ते पडदे आहेत का अजून? घेऊन ये बघू इकडं." आणि पाठोपाठ वहिनीचा, "आणू नका हो, आटलेत." चष्मेवाल्यानं भिंग खाली ठेवलं, दोन्ही हुकूम एकाच वेळी कसे पाळावेत याचा अंदाज घेत क्षणभर उभा राहिला, आणि मग काउंटरमागून निघून जिन्याकडं गेला.